वाचनालयामुळे पैसे खरंच वाचतात का? हिशेब मांडून बघूया

हिशेबी_बाई (धागाकर्ती)

काटकसरीवरचा कुठलाही लेख उघडा, "वाचनालयाचे सभासद व्हा" हे त्यात असतंच. सल्ल्याबद्दल तक्रार नाही, मी स्वतः कित्येक वर्षं सभासद आहे. पण त्याच्यासोबत जो हिशेब दिला जातो तो मला पटत नाही. वर्षभरात आणलेल्या सगळ्या पुस्तकांच्या छापील किमतींची बेरीज करायची आणि "बघा, एवढे वाचले!" म्हणून सांगायचं. काही ठिकाणी तर पुस्तक देताना पावतीवरच हा आकडा छापून देतात म्हणे. बघून बरं वाटतं, पण त्यातली निम्मीअधिक पुस्तकं आपण जन्मात विकत घेतली नसती. समोर दिसली म्हणून उचलली, पंचवीस-तीस पानं चाळली, परत केली. जो खर्च होणारच नव्हता तो वाचला कसा?

मी असा हिशेब धरते:

जी पुस्तकं खरोखर विकत घेतली असती त्यांचीच किंमत मोजायची. त्यातून ती वाचून झाल्यावर रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात देऊन जे परत आलं असतं ते वजा. मग वर्गणी, जाण्यायेण्याचा खर्च आणि उशिराचा दंड वजा. उरेल ती खरी बचत.

समजा, एका पुस्तकाची किंमत १०० धरली. वर्षात ३० आणली, पण विकत ८च घेतली असती. म्हणजे ३००० नव्हे, ८००. जुनी विकून चौथा हिस्सा परत मिळाला असता तर राहिले ६००. त्यातून वर्गणी आणि प्रवास काढला की जे राहील ते. आकडा एकदम खाली येतो, पण निदान खोटा तरी नाही.

तर प्रश्न असा की तुमच्या बाबतीत वाचनालय नेमकं कुठे पैसे वाचवतं? "वाचनाची गोडी लागते" वगैरे मला मान्यच आहे, ते या धाग्यात नको. फक्त पैशांचं बोला.

---

पेंगुळलेला

वाचतोय. (धागा. पुस्तक नव्हे.)

---

आडवातिडवा

हिशेब आवडला, पण एक रकाना सुटलाय. "पंचवीस पानं चाळून परत केलेली" सगळीच पुस्तकं तुम्ही शून्यात धरलीत. त्यातली काही मी नक्की विकत घेतली असती. परीक्षण वाचून, कुणीतरी भरभरून सांगितलं म्हणून, किंवा मुखपृष्ठ बघून. आणि मग तिसाव्या पानावर कंटाळून कपाटात कोंबली असती.

माझ्या घरात अशी पुस्तकं रांगेने उभी आहेत, सगळी वाचनालयात जायला लागण्याआधीची. तेव्हापासून नियम एकच: आधी आणून वाचायचं, परत करताना जीवावर आलं तर विकत घ्यायचं. विकत घेणं थांबलं नाही, पण घेतलेलं पुस्तक पडून राहणं जवळपास थांबलं. माझ्या मते खरी बचत ही आहे, चुकीची खरेदी टळणं. ती तुमच्या सूत्रात बसवा.

---

हिशेबी_बाई

@आडवातिडवा, बरोबर आहे. "घेतली असती आणि पस्तावलो असतो" हा वेगळा रकाना करते. तिथे तर पूर्ण किंमत धरायला हवी, कारण त्याच्या बदल्यात काहीच मिळालं नसतं.

---

मुग्धा_त

लहान मुलं असतील तर सूत्रबित्र लागतच नाही हो. चित्रांची पुस्तकं जाड कागदाची, रंगीत, त्यामुळे महाग. आणि वाचून संपायला दहा मिनिटं. त्यात मूल सहा महिन्यांत त्या पुस्तकाच्या पुढे जातं. कपड्यांसारखंच, पण कपडे निदान धाकट्याला होतात, इथे धाकट्याला डायनोसॉर नकोच असतात, त्याला क्रेन आणि ट्रक हवे असतात.

आम्ही काय करतो सांगते. बालविभागातून कार्डावर मिळतील तेवढी आणायची, निवड तिची तिने करायची, मी मध्ये पडत नाही. त्यामुळे एकाच राक्षसाची दोन पुस्तकं येतात, एक अगदीच बाळांचं येतं, एकात नुसती नकाशांची पानं असतात. आणली की त्यातली दोन-तीन चालतात, बाकीची सोफ्याखाली. परत केल्यानंतर "ते पुस्तक कुठंय?" असं जे पुन्हापुन्हा विचारलं जातं तेच विकत घ्यायचं. अशी फारच थोडी निघतात. एक मात्र करा, घरी आणल्या दिवशी पानं मोजून, फाटलेलं आहे का बघून ठेवा, नाहीतर आधीच्या मुलाने चिकटवलेली चिकटपट्टी आपल्या नावावर लागते.

---

कडूनिंब

सगळे एका सुरात गायला लागले की मला खाज सुटते, म्हणून चार गोष्टी.

१. फुकट काही नसतं. सरकारी किंवा नगरपालिकेचं वाचनालय आपल्याच करातून चालतं.
२. नवं पुस्तक कधीच जागेवर नसतं. "मागणी आहे, पुढच्या महिन्यात या."
३. जाऊन येऊन दोन तास जातात. त्या वेळेची किंमत काय? बाईंच्या सूत्रात ती दिसली नाही.
४. एक प्रत पन्नास जणांनी वाचायची, म्हणजे लेखकाने हवा खायची.

---

आडवातिडवा

@कडूनिंब, तिसऱ्या मुद्द्याबद्दल: ते दोन तास एरवी मोबाइलवरच गेले असते. तेव्हा किंमत शून्य.

---

निवृत्त_ग्रंथपाल

आयुष्य याच धंद्यात गेलं, त्यामुळे कडूनिंब यांच्या मुद्द्यांना थोडं लांबण लावून उत्तर देतो.

"फुकट काही नसतं" हे शंभर टक्के खरं, आणि वाचनालयाच्या इतिहासात ते कुणी लपवलेलंही नाही. १७३१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी अमेरिकेत फिलाडेल्फियात वर्गणीचं वाचनालय काढलं ते याच हिशेबाने. पुस्तकं इंग्लंडहून यायची, एकट्यादुकट्याला झेपायची नाहीत. पन्नास जणांनी सुरुवातीला ४० शिलिंग भरले, पुढे दर वर्षी १० शिलिंग. म्हणजे मुळात हा प्रकारच काटकसरीतून जन्मला. करातून चालणारी वाचनालयं नंतर आली. ब्रिटनमध्ये त्यासाठीचा कायदा १८५० सालचा. अमेरिकी पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधली गेली, पण त्यालाही ठाऊक होतं की इमारत बांधणं सोपं, चालवणं अवघड. म्हणून देणगी देताना त्याची अट असायची की देणगीच्या दहा टक्के एवढी रक्कम गावाने दर वर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी बाजूला काढली पाहिजे. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यातही सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावं असं म्हटलंय ते वाचकाच्या बाजूने. खर्च शासनाने उचलायचा आहे, तो नाहीसा होत नाही.

आता याचा तुमच्या खिशाशी संबंध असा: कर तुम्ही भरलेलाच आहे, वाचनालयाची पायरी चढा वा न चढा. न जाऊन तो परत मिळत नाही. पैसे भरून जेवायला न जाणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही.

वेळेबद्दल: रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं सूत्रच "वाचकाचा वेळ वाचवा" असं आहे. तेव्हा दोन तास जात असतील तर दोष वाचनालयाचा असू शकतो, तसं तिथे सांगा. पण पुष्कळदा दोष आपल्या पद्धतीचा असतो. घरून यादी न करता जायचं, कपाटांपुढे फिरत बसायचं, मग हवं ते मिळालं नाही म्हणून चडफडायचं. बहुतेक मोठ्या वाचनालयांची सूची आता संगणकावर असते, घरबसल्या बघता येते. पुस्तक आहे का, जागेवर आहे का हे पाहून निघा. बाहेर गेलेलं असेल तर राखून ठेवायला सांगा. मुदत फोनवर किंवा संकेतस्थळावर वाढवून मिळते का ते विचारून ठेवा, एक हेलपाटा वाचतो आणि दंडही.

लेखकाचं म्हणाल तर ते खरोखर महत्त्वाचं आहे. डेन्मार्कने १९४६ मध्येच ग्रंथालयातल्या पुस्तकांसाठी लेखकाला सरकारकडून मोबदला द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये तसा कायदा १९७९ चा आहे. आज तीसेक देशांत ही पद्धत आहे, इतरत्र नाही. जिथे नाही तिथेही वाचनालय प्रत विकत घेतंच. जे पुस्तक एरवी कुणीच धाडस करून घेतलं नसतं त्याच्या काही प्रती केवळ वाचनालयांमुळे खपतात. छोट्या प्रकाशकांना विचारा.

---

पेंगुळलेला

काकांच्या प्रतिसादाला +१. जेवणाचं उदाहरण वाचून उठून डबा उघडला.

---

नवशिका

मी परीक्षेची तयारी करतोय. माझ्यासाठी पुस्तकं घरी आणण्यापेक्षा अभ्यासिका जास्त मोलाची आहे. खासगी अभ्यासिकेला महिन्याचे पैसे मोजावे लागतात, घरी पंखा, दिवा, नेट चालू, शिवाय घरचे. वाचनालयात खुर्ची मिळाली की हे सगळं सुटतं. हिशेबी_बाई, तुमच्या सूत्रात हे कुठे बसतं?

दुसरं, संदर्भ विभागातली जाडजूड पुस्तकं (कोश, अधिनियम, सांख्यिकी अहवाल) घरी देत नाहीत, पण तिथे बसून टिपणं काढता येतात. एका प्रकरणासाठी अख्खा खंड विकत घ्यावा लागत नाही.

---

हिशेबी_बाई

@नवशिका, बसतं की. खासगी अभ्यासिकेत खरोखर नाव घातलं असतं तर ती पूर्ण फी बचतीत. नसतं घातलं, तर शून्य. नियम तोच.

---

मुग्धा_त

बाई भलत्याच कडक आहेत. :))

---

निवृत्त_ग्रंथपाल

नवशिका, एक सावधगिरी. कर, कायदा, संगणक, वैद्यक, चालू घडामोडी या विषयांचं पुस्तक घेताना आधी पान उलटून आवृत्तीचं साल बघा. वाचनालयात जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं शेल्फवर असते, ती काढून टाकायला कुणाला सवड नसते. जुन्या करदरांवर अभ्यास केलात तर वाचलेले पैसे दुसरीकडून जातील. इतिहास, व्याकरण, गणित यांना ही भीती कमी. गणिताचं चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक बहुतेक वेळा आजच्यापेक्षा बरं असतं, हे माझं वैयक्तिक मत.

---

अक्का_वाचते

माझा मुख्य फायदा नियतकालिकांचा. आधी घरी दोन साप्ताहिकं, तीन मासिकं आणि एक जादा वर्तमानपत्र येत होतं. आता एकच वर्तमानपत्र येतं, बाकी सगळं वाचनकक्षात. मासिकांचं असं असतं की त्यात आपल्या उपयोगाचे दोन लेख, बाकी जाहिराती. दोन लेखांसाठी वार्षिक वर्गणी भरत होते. शिवाय रद्दी साठत नाही, ती बांधून ठेवायला जागा लागत नाही.

अजून एक, छंदाची पुस्तकं. विणकाम, बागकाम, शिवण, पाककृती. या पुस्तकांतला आपल्या कामाचा भाग चार-पाच पानांचा असतो. ती वहीत उतरवून घेते. दशांश वर्गीकरण (प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) असलेल्या वाचनालयात पाककृती ६४१.५ ला सापडतात. आणि गंमत म्हणजे "पैसे कसे वाचवावेत, श्रीमंत कसं व्हावं" ही पुस्तकं ३३२.०२४ ला. ती तरी विकत घेऊ नका बाई! सगळ्यांत एकच सांगितलेलं असतं, कमी खर्च करा, आणि ते सांगायला तीनशे पानं घेतात.

---

आडवातिडवा

@अक्का, दंडवत. ३३२.०२४ हातावर लिहून घेतलं.

---

ढापण्या

ई-पुस्तकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. ज्यांच्या वाचनालयात ही सोय आहे त्यांनी ती नक्की वापरा, कारण तिथे दोन खर्च सरळ गळून पडतात, जाण्यायेण्याचा आणि दंडाचा. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. बोलती पुस्तकंही मिळतात, त्यांचं मासिक शुल्क भरणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे.

पण पहिल्यांदा वापरणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. फाइलच आहे, मग "तुमच्या आधी चौदा जण रांगेत" कसे? तर कागदी प्रत वाचनालयाने विकत घेतली की ती त्याची झाली. ती उधार देता येते, विकता येते, फाटेपर्यंत वापरता येते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच म्हटलं की एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचं नियंत्रण राहत नाही. ई-पुस्तक मात्र बहुधा विकलं जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, आणि परवान्यालाही मुदत. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ठरवलं होतं की एक ई-प्रत २६ वेळा दिली गेली की संपली, वाचनालयाने पुन्हा पैसे भरायचे. काही प्रकाशक दोन वर्षांनी परवाना संपवतात. म्हणून रांगा लागतात. रांग बघून वैतागून विकत घेऊ नका. रांगेत नाव टाकून ठेवा आणि तोवर कागदी प्रत जागेवर आहे का बघा, ती कित्येकदा असते.

---

कडूनिंब

ढापण्यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण. म्हणजे माझा पहिला मुद्दा बरोबरच होता, एकाच पुस्तकाला वाचनालय पुन्हापुन्हा पैसे भरतंय.

---

ढापण्या

हो, पण ते तुम्ही वापरलंत तरी भरतंय आणि नाही वापरलंत तरी.

---

मुग्धा_त

थोडं अवांतर: काही देशांत वाचनालयातून पुस्तकांखेरीज अवजारंही मिळतात. अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या वाचनालयाचा अवजारांचा विभाग १९७९ पासून आहे. भोक पाडायचं यंत्र, शिडी, बागेची अवजारं. विचार केला तर ड्रिल हे "घेतलं आणि पडून राहिलं" याचं पुस्तकापेक्षा मोठं उदाहरण. वर्षातून दोन भोकं पाडायची असतात. बाकीच्यांनी आपापल्या वाचनालयात काय काय मिळतं ते एकदा विचारून बघा. खेळणी, बोर्डगेम, बियाणं, वाद्यं असंही कुठे कुठे देतात. आपल्याला वाटतं पुस्तकंच असणार, म्हणून आपण विचारत नाही.

---

अक्का_वाचते

शिडी! ती ठेवायला जागा नाही म्हणून आजवर घेतली नव्हती.

---

हिशेबी_बाई

आत्तापर्यंतच्या प्रतिसादांवरून माझ्या हिशेबाला दोन दुरुस्त्या. पस्तावा होणारी खरेदी टळली की पूर्ण किंमत धरायची. आणि बंद केलेली वर्गणी (मासिकं, बोलती पुस्तकं, खासगी अभ्यासिका) वेगळी लिहायची, कारण ती दर महिन्याला वाचते आणि त्यात "घेतली असती का?" हा घोळच नाही, आपण ती खरोखर भरत होतो. यातली दुसरी रक्कम माझ्या घरी पुस्तकांच्या बचतीपेक्षा मोठी निघाली. अपेक्षा नव्हती.

वेळेची किंमत मी धरत नाही. कडूनिंब यांना धरायची असेल तर त्यांनी धरावी, पण मग दुकानात जायचा आणि ऑनलाइन परीक्षणं वाचत बसायचा वेळही धरावा.

---

कडूनिंब

धरला. तरी दुकान जवळ आहे.

माझं मत बदललेलं नाही, पण एक विचारायचंय. "मागणी नोंदवा" म्हणून तिथे एक वही ठेवलेली असते. त्यात लिहिलेलं पुस्तक खरंच घेतात का, का ती वहीच शोभेची?

---

निवृत्त_ग्रंथपाल

घेतात, पण "नवीन चांगली पुस्तकं आणावीत" असं लिहिलेलं कुणी घेऊ शकत नाही, आणि निम्मी वही तशाच नोंदींनी भरलेली असते. पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, आणि शक्य असेल तर मागच्या पानावरचा आयएसबीएन क्रमांक लिहा. खाली आपला सभासद क्रमांक. खरेदीची यादी वर्षातून ठरावीक वेळीच होते, ती कधी होते ते देवघेवीच्या खिडकीवर विचारा आणि त्याच्या आधी लिहा. दोन-तीन सभासदांनी तेच पुस्तक मागितलेलं दिसलं तर समितीपुढे ते ठेवणं आम्हाला सोपं जायचं.

---

नवशिका

काका, अजून एक. पुस्तक हरवलं तर? अनामत रक्कम बुडते का?

---

निवृत्त_ग्रंथपाल

सहसा लगेच नाही. बहुतेक ठिकाणी दोन पर्याय असतात: किंमत अधिक काही दंड भरा, किंवा त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणून द्या. दुसरा पर्याय विचारून बघाच, जुन्या बाजारात चांगली प्रत स्वस्तात मिळून जाते. मात्र आधी ग्रंथपालाला सांगा आणि कुठली आवृत्ती चालेल ते विचारा. आणि हरवलंय म्हणून तोंड चुकवत बसू नका, तोवर उशिराचा दंड वाढत राहतो. हल्ली जगात अनेक मोठ्या ग्रंथालयांनी हा उशिराचा दंडच काढून टाकलाय, शिकागोने २०१९ मध्ये, न्यूयॉर्कने २०२१ मध्ये. कारण दंड साठला की लोक पुस्तकही परत करत नाहीत आणि स्वतःही परत येत नाहीत. आपल्याकडे नियम काय आहे ते कार्डाच्या मागे छापलेलं असतं.

---

पेंगुळलेला

कार्डाच्या मागे माझी मुदत संपल्याची तारीख आहे. नूतनीकरणाला फोटो लागतो का?

---

अक्का_वाचते

आमच्याकडे दोन लागले होते, आणि पत्त्याचा पुरावा. दुपारी खिडकी बंद असते, सकाळी जा.